डोळे वर करणाऱ्या या माझदाला नवी व्हील्स लावायचीत? आधी तिचं रबर बघा

इन्स्टावर गाड्यांचे रील्स बघत असाल तर ही गाडी तुमच्या फीडमध्ये येऊन गेलीच असणार. छोटीशी, दोन सीटची, वरून उघडी, बऱ्याचदा लाल. बटण दाबलं की बॉनेटमधून बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन हेडलाइट वर येतात. हिचं नाव माझदा एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली.

अशा रीलखालच्या कमेंट्स उघडून बघा. प्रश्न ठरलेला असतो, “भावा, व्हील्स कुठली?” गाडीचे बुश कधी बदलले, असं विचारणारा सापडला तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आता हिची सगळ्यात तरुण गाडीसुद्धा पंचविशी ओलांडून गेलीय. गाडी घेणारा मात्र बहुतेकदा पहिल्यांदाच जुनी स्पोर्ट्स कार घेणारा, खिशात मोजके पैसे असलेला तरुण असतो. तो पहिल्या महिन्यात सतरा इंची चकचकीत व्हील्स घेतो, गाडी जमिनीला टेकवतो, फोटो टाकतो. मग हायवेवर गाडी आपसूक एका बाजूला ओढायला लागते, प्रत्येक सांध्यावर पाठीत दणका बसतो आणि तो म्हणतो, “लोकांनी उगाच डोक्यावर घेतलीय हिला.” खरं तर त्याने ती गाडी अजून चालवलेलीच नसते. त्याने चालवलेलं असतं तीस वर्षांचं मेलेलं रबर आणि त्यावर लादलेलं जड लोखंड-ॲल्युमिनियम.

ही गाडी भारतात कंपनीने कधी विकली नाही. पण अमेरिका, ब्रिटन, जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना ती तिथल्या सेकंड हँड बाजारात सापडते. आणि इथे बसून स्विफ्टला मॅगव्हील टाकायचा विचार करणाऱ्यालाही सस्पेन्शन आणि चाकांचं गणित हिच्यावरून सगळ्यात लवकर कळतं. कारण या गाडीत लपवायला दुसरं काही नाही.

जादू इंजिनात नाही

फेब्रुवारी १९८९. शिकागो ऑटो शोमध्ये माझदाने पहिली एमएक्स-५ दाखवली. त्या काळात ब्रिटिश पद्धतीच्या छोट्या उघड्या स्पोर्ट्स कार जवळपास संपल्या होत्या. एमजी, ट्रायम्फ वगैरे मंडळींची दुकानं त्या बाजारातून उठली होती. माझदाने तोच मसाला घेतला, फक्त तेल न गळणारा आणि पावसात बंद न पडणारा. पहिली पिढी १९९७ पर्यंत चालली आणि चार लाखांहून जास्त गाड्या बनल्या.

इंजिन सुरुवातीला १६०० सीसीचं, ताकद साधारण ११५ हॉर्सपॉवर. आजची एखादी टर्बो एसयूव्ही सिग्नलवर हिला सहज मागे टाकेल. पण वजन एक टनाच्या आत आणि प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी टीमसमोर ठेवलेली कल्पना होती ‘जिनबा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. ते साधलं कशाने? चारही चाकांना दिलेल्या डबल विशबोन सस्पेन्शनने.

विशबोन म्हणजे कोंबडीच्या छातीतलं व्ही आकाराचं हाड. तशाच आकाराचे दोन हात, एक वर आणि एक खाली, प्रत्येक चाकाला धरून असतात. साध्या गाडीत बहुतेक वेळा एक खालचा हात आणि वर शॉकअपची कांडी एवढंच असतं. दोन हात असले की गाडी वळणात एका बाजूला झुकली तरी टायर रस्त्यावर बऱ्यापैकी सपाट टेकलेला राहतो. म्हणून ही गाडी वळणात हातात काय चाललंय ते सांगत राहते. महागड्या स्पोर्ट्स कारमधली ही गोष्ट माझदाने सामान्य माणसाच्या गाडीत दिली.

पण हातांची संख्या दुप्पट म्हणजे सांधेही दुप्पट. आणि म्हातारपण सांध्यांतच येतं.

तीस वर्षांत नेमकं काय मरतं?

हे सगळे हात चॅसिसला जिथे जोडलेत तिथे रबराचे बुश आहेत. अँटी-रोल बारचे धरले तर पूर्ण गाडीत वीसहून जास्त. बुश म्हणजे दोन धातूंच्या नळ्यांच्या मध्ये पक्कं चिकटवलेलं रबर. चाक वर-खाली होतं तेव्हा हे रबर पिळलं जातं आणि पुन्हा सरळ होतं. उन्हाने, तेलाने आणि नुसत्या वयाने ते कडक होतं, त्याला भेगा पडतात, कधी नळीपासून सुटतं. मग ब्रेक मारला की चाक दोन-चार मिलिमीटर मागे सरकतं, वळवलं की बाजूला सरकतं. स्टिअरिंग तुम्ही एक सांगताय आणि चाक विचार करून दुसरंच करतंय, असा तो प्रकार.

शॉकअपचं दुखणं वेगळं. स्प्रिंग गाडीला उचलून धरते, पण एकदा दबली की ती नाचत राहते. तो नाच थांबवायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, ते बारीक झडपांतून दाबून जातं आणि हालचाल मरते. सील गेलं, तेल गळलं की काम संपलं. पण शॉकअप एका दिवसात मरत नाही, हळूहळू मरतो. त्यामुळे रोज गाडी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही, जसं घरातल्या माणसाला घरातल्याचं वजन वाढलेलं दिसत नाही. बॉनेटवर हात दाबून गाडी किती वेळा हलते ते बघायची जुनी युक्ती पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला पकडत नाही. त्यापेक्षा टायरवरून हात फिरवा. झीज लाटेसारखी वर-खाली लागली तर चाक रस्त्यावर टेकून चालत नाहीये, उड्या मारत चाललंय.

याशिवाय बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, अँटी-रोल बारच्या छोट्या लिंक, व्हील बेअरिंग आणि शॉकअपच्या वरचे रबरी माउंट. कट-कट, खड-खड आवाज यांचे. स्प्रिंग मात्र बहुतेक वेळा ठीक असतात, फक्त जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे तळाचा वेढा गंजून तुटलेला सापडू शकतो.

मिठाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सगळ्यात आधी. ब्रिटनमधली गाडी असेल तर सस्पेन्शनचा एकही पार्ट मागवण्याआधी दाराखालचे सिल आणि चॅसिसची पुढची लांबट पेटी गंजली आहे का ते बघा. मागच्या चाकाच्या पुढे सिल आतून सडतात, वरून रंग झकास दिसतो. तिथे स्क्रूड्रायव्हर आत जात असेल तर नवे शॉकअप घेऊन काय करणार? ज्या भिंतीला खुंटी मारायची ती भिंतच पोकळ.

काम करताना पैसे कुठे वाया जातात

पार्ट्सपेक्षा जास्त घोळ मजुरीत होतो. या गाडीच्या खालच्या हातांना चाकाचा कोन कमी-जास्त करण्यासाठी कॅमचे लांब बोल्ट आहेत. तीस वर्षांत ते बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतात. पाना लावला की बोल्ट फिरत नाही, रबर फिरतं. मग ग्राइंडरने कापून काढावे लागतात. म्हणून नवे बोल्ट आधीच आणून ठेवायचे, नाहीतर गाडी जॅकवर आणि मालक कुरिअरच्या वाटेवर.

दुसरी गोष्ट बारीक वाटते, पण सगळ्या खर्चाचं पाणी करते. बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असलं पाहिजे. गाडी जॅकवर आहे, चाकं लोंबकळतायत आणि मेकॅनिकने बोल्ट आवळले, तर रबर त्या लोंबकळलेल्या स्थितीत पक्कं होतं. गाडी खाली उतरवली की प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो, पिळून खुंटीला टांगलेल्या टॉवेलसारखा. गाडी थोडी उंच बसते, कडक वाटते आणि नवं रबर लवकर फाटतं. लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट निघाला. पार्ट अस्सल असतो, आवळायची वेळ चुकलेली असते.

आता बुश कुठले? कंपनीसारखे रबराचे की रंगीबेरंगी पॉलियुरेथेनचे? पॉली कडक असतं, लवकर सडत नाही, घरच्या अवजारांनी बसतं. पण ते रबरासारखं पिळलं जात नाही, नळीवर घसरतं. त्यामुळे ग्रीस लागतं आणि ग्रीस संपलं की जुन्या झोपाळ्यासारखं कुरकुरतं. रस्त्यावरच रोज चालणाऱ्या गाडीला माझं मत सरळ रबराला. ट्रॅकवर जाणाऱ्याने पॉली घ्यावं, कुरकुरीची तक्रार मात्र करू नये.

शॉकअपमध्ये केवायबी मूळच्या जवळचे, बिलस्टीन गॅसचे आणि थोडे घट्ट, कोनीचे पिवळे हाताने कमी-जास्त करता येणारे. या तिघांत चुकीचं असं काही नाही. काही पहिल्या पिढीच्या गाड्यांना बिलस्टीन कारखान्यातूनच लागून येत होते. चुकतं ते स्वस्त कॉइलओव्हर घेण्यात. कॉइलओव्हर म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड. त्यात कडक स्प्रिंग घालणं सोपं आहे, त्या स्प्रिंगला साजेशा झडपा बनवणं महाग आहे. स्वस्तातल्या कॉइलओव्हरमध्ये पहिलं मिळतं, दुसरं नाही.

आणि ते ‘खाली बसवणं’?

टायर आणि मडगार्डमधली फट कमी दिसावी म्हणून गाडी खाली बसवतात. दिसते भारी, खोटं कशाला बोला. पण या पहिल्या पिढीत चाकाला वर जायला जागा मुळातच कमी आहे. प्रवास संपतो तिथे बंप स्टॉप नावाचा रबरी ठोकळा असतो. गाडी पाच सेंटिमीटर खाली आणली की साध्या उंचवट्यावरही ती त्या ठोकळ्यावर आपटते. म्हणजे पैसे स्प्रिंगचे दिले आणि गाडी ठोकळ्यावर चालवली. वळणात मध्येच ठोकळा लागला तर त्या चाकाची पकड क्षणात बदलते. ओल्या रस्त्यावर, मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीत ही गंमत नाही.

दोन-अडीच सेंटिमीटर खाली आणून थांबावं. जाणकार लोक पुढच्या पिढीचे, म्हणजे १९९८ नंतरच्या गाडीचे वरचे माउंट यात बसवतात, कारण त्यात चाकाला वर जायला थोडी जास्त जागा मिळते. कंपनीने आपलीच कमतरता नंतर सुधारली, ती सुधारणा मागच्या गाडीत आणायची. मोठ्या कंपनीच्या स्टिकरपेक्षा हा जुगाड कितीतरी कामाचा.

आता या व्हील्सकडे

चाक हा सस्पेन्शनचाच भाग आहे, शोरूममधला दागिना नाही. पायात गमबूट घालून लगोरी खेळून बघा. धावता येईल, पण पाय उचलायला आणि थांबवायला वेळ लागेल. जड चाकाचं तेच होतं. रस्त्याचा उंचवटा आला की शॉकअपला ते चाक आवरायचं असतं. चाक जितकं जड, तितका शॉकअप उशिरा जिंकतो आणि तितका वेळ टायर रस्त्यापासून सुटलेला. शिवाय चाक फिरवायला इंजिनची आणि थांबवायला ब्रेकची ताकद जाते. ११५ हॉर्सपॉवरमध्ये उधळायला काही नाही.

माझदाच्या लोकांनी हे इतकं मनावर घेतलं होतं की मूळचं चौदा इंची, सात काड्यांचं ॲल्युमिनियम चाक साधारण साडेपाच किलोचं होतं. आज बाजारात मिळणारं स्वस्त ओतीव सतरा इंची चाक सहज आठ-नऊ किलो भरतं. उलट एन्केईचं आरपीएफ-वन नावाचं पंधरा इंची चाक साडेचार किलोच्या आसपास आहे. आकार मोठा आणि वजन मूळच्यापेक्षा कमी, पण किंमत त्याप्रमाणे. बजेट एकच असेल तर मोठं जड चाक घेण्यापेक्षा छोटं हलकं घ्या.

आकड्यांचं गणित थोडं शांतपणे वाचा. मूळ टायर १८५/६० आर १४. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, टायरच्या भिंतीची उंची त्याच्या ६० टक्के म्हणजे १११ मिलिमीटर, आणि चाक १४ इंची. पूर्ण व्यास होतो साधारण ५७८ मिलिमीटर. पंधरा इंची चाकावर १९५/५० टायर घेतला तर व्यास ५७६. जवळपास तोच. स्पीडोमीटर बरोबर, गिअरिंग तेच, टायर कुठे घासत नाही. म्हणून ही जोडी या गाडीची सगळ्यात समजूतदार निवड आहे. चांगले टायरही पंधरामध्ये चौदापेक्षा जास्त मिळतात.

आता २०५/४० आर १७ घ्या. व्यास ५९६, भिंत फक्त ८२ मिलिमीटर. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३ ने चाललेली असेल, पिकअप मंदावेल आणि खड्ड्याचा धक्का थेट रिमवर. आपल्याकडे पावसाळ्यात टायरवाल्याच्या दुकानात वाकडी-चिरलेली मॅगव्हील्स दिसतात, ती याच पातळ भिंतीमुळे.

चाकाचा ऑफसेट मात्र बहुतेकांच्या डोक्यावरून जातो. चाकाच्या मागे ‘ईटी ४५’ असं कोरलेलं असतं. चाक हबला जिथे टेकतं तो पृष्ठभाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो हा आकडा. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. मूळ चाक साडेपाच इंच रुंद, ईटी ४५. त्याजागी सात इंच रुंद, ईटी ३५ लावलं तर चाकाची बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर जाते आणि आतली कड ९ मिलिमीटर आत. एवढं हिच्या मडगार्डखाली मावतं. पण ‘स्टान्स’ दिसावा म्हणून आकडा शून्याजवळ नेला की चाक वळायचा अक्ष आणि टायरचा मध्य यांच्यातलं अंतर वाढतं. मग प्रत्येक खड्डा स्टिअरिंगला झटका देतो, ब्रेक मारताना गाडी ओढते आणि बेअरिंग लवकर आवाज करायला लागतं.

बोल्टांची मांडणी ४ बाय १००, म्हणजे चार बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. आपल्या स्विफ्टचीही हीच. पण बोल्ट जुळले म्हणजे चाक बसलं असं नाही. मधलं भोक या गाडीला ५४.१ मिलिमीटरचं लागतं आणि बाहेरून घेतलेल्या चाकांचं बऱ्याचदा त्याहून मोठं असतं. मधली जागा भरायला कडी घालतात, शंभर-दोनशे रुपयांची वस्तू. ती विसरली की ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि मालक बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग करत बसतो.

डुप्लिकेट डिझाइनच्या चाकांबद्दल एकच सांगतो. चाकावर जपानची जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए ही खूण, किंवा जर्मनीत तिथल्या मंजुरीचे कागद आहेत का बघा. व्हीआयए म्हणजे चाक स्वतंत्रपणे तपासून घेतलं आहे. तुटकं रिम वेल्डिंग करून विकतात, ते फुकट दिलं तरी नको. आणि टायर कितीही नवा दिसला तरी त्याच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. २३१४ असेल तर तो २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, त्याच्या काट्यांकडे बघूसुद्धा नका. कमी चाललेल्या हौशी गाड्यांत हे फार सापडतं. नक्षी शाबूत, रबर दगड.

दिसण्याचं म्हणाल तर आठ काड्यांचं मिनीलाइट किंवा जपानी वातानाबे हिला शोभतं. त्याला कारण आहे. साठच्या दशकात ब्रिटिश मिनीच्या रॅली गाड्यांवर मिनीलाइटची मॅग्नेशियमची चाकं असायची आणि माझदाने आपलं मूळ चाक त्याच वळणावर काढलं होतं. म्हणजे ते उसनं आणलेलं वाटत नाही, घरचंच वाटतं.

कायद्याचं पण बघून घ्या. जर्मनीत मंजुरीशिवाय चाक बदललं तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ब्रिटनमध्ये बदल विमा कंपनीला कळवावा लागतो, नाहीतर अपघातानंतर क्लेमवर पाणी सोडायची तयारी ठेवा. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही.

सगळं बसवून झालं की शेवटचं काम अलाइनमेंट. ते आधी करून घेणारेही असतात आणि मग बुश बदलतात, म्हणजे पहिले पैसे पाण्यात. हिच्यात पुढे-मागे चारही चाकांचे कोन बदलता येतात, त्यामुळे फक्त पुढची चाकं बघून सोडणाऱ्याकडे जाऊ नका. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाएवढं काहीतरी ठेवायला सांगा. एक टनाच्या आतल्या गाडीत सत्तर किलोने फरक पडतो. रस्त्यावरच्या गाडीला एक अंशाच्या आसपास निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा किंचित आत झुकलेला, आणि पुढच्या दोन्ही बाजूंचे आकडे सारखे. प्रिंटआउट मागून घ्या.

माझदाने स्वतः २०१७ मध्ये जाहीर केलं की जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्या कंपनीच दुरुस्त करून देणार आणि बंद झालेले पार्ट पुन्हा बनवणार. त्या यादीत छताचं कापड होतं, नार्दीचं लाकडी स्टिअरिंग होतं आणि ॲल्युमिनियमची चाकंही होती. चाकांवर घालायला त्यांनी ब्रिजस्टोनकडून जुना टायर पुन्हा बनवून घेतला. माप १८५/६० आर १४.